वकिलाची सही

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'वकील' म्हणायचे. शिक्षण दहावी नापास, काम फिटरचं, पण कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवायचं नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा आधी वाचायचे, मग झाकण उघडायचे. मी म्हणायची, अहो, तोवर माझा ताप आपोआप उतरेल.

कारखाना कागदाचा. नोटीस लागली की जेवणाच्या सुट्टीत हे कँटीनच्या टेबलाशी उभे राहून ती मोठ्याने वाचायचे, जिथे गोम वाटेल तिथे लाल पेन्सिलीने खूण करायचे आणि सही करायची की नाही ते सांगायचे. ह्यांची सही झाल्याशिवाय दीडशे माणसांत एकाचंही पेन उघडत नसे. एकदाच फसले. बोनसच्या करारावर साहेबांच्या शब्दावर विसंबून सही केली, मागोमाग सगळ्यांनी केली, आणि आतल्या एका कलमापायी सगळ्यांना तीन वर्षांच्या बोनसवर पाणी सोडावं लागलं. कोणी ह्यांना बोल लावला नाही. पण हे आतून मोडले. तेव्हापासून ऑफिसातून आलेला कागद म्हणजे फास, असं डोक्यात घेऊन बसले.

मग पेन्शनचा कायदा बदलला. आधी कामगार गेला की त्याची पेन्शनही तिथेच थांबायची. नव्या नियमात सोय होती. अर्ज भरून दिला तर जिवंतपणी पेन्शन थोडी कमी मिळणार, पण माणसाच्या मागे बायकोला त्यातली निम्मी मिळत राहणार. अर्ज एकदाच करायचा, ठरलेल्या तारखेच्या आत. ह्यांनी 'कमी' या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि जाहीर केलं, हातातलं काढून घ्यायचा डाव आहे, कोणी सही करू नका. झालं, विषय संपला. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे बॉयलरवाले भावजी तर ह्यांचे जिवलग. त्यांनी कोरा अर्ज चार घड्या घालून कपाटात टाकून दिला.

मुदतीला दोन दिवस राहिले तेव्हा सकाळी मी तो अर्ज स्वतः वाचला. मी काही वकील नाही, पण घर चालवायचं मला कळतं. डबा भरता भरता विचारलं, "तुम्ही गेल्यावर मी काय खायचं, ते लिहिलंय का कुठे?"

हे चप्पल घालता घालता थांबले. मग कागद घेऊन खिडकीशी बसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "माझं चुकलं गं." त्याच दुपारी ऑफिसात जाऊन सही करून आले.

संध्याकाळी विचारलं, बाकीच्यांना सांगितलंत का. म्हणाले, सांगतो. दुसऱ्या दिवशीही तेच. एकदा तोंडघशी पडलेला माणूस, पुन्हा त्याच टेबलाशी उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि मी? मी हात धरून बाहेर काढायला हवं होतं त्यांना. निदान भिंतीपलीकडे तरी. पण माझ्यापुरतं काम झालं होतं ना, मी चूप बसले. मुदतीच्या दिवशी पाच वाजता ऑफिसची खिडकी बंद झाली, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी बॉयलरवाले भावजी गेले. पेन्शन थांबली. त्यांची बायको, आमच्या वहिनी, साठीच्या वयात लॉन्ड्रीत इस्त्रीला उभ्या राहिल्या.

ह्यांनी धसकाच घेतला. मुदत पुन्हा उघडा म्हणून अकरा अर्ज केले, अकराही वेळा एकच उत्तर आलं, तारीख उलटून गेली आहे. वहिनींचा नळ, पंखा, दाराची कडी, काही बिघडलेलं नसलं तरी हे पाना घेऊन हजर. नोटीस वाचून दाखवा म्हणून जुनी माणसं घरी यायची, तर चष्मा सापडत नाही म्हणून परत पाठवायचे. चष्मा नाकावर असायचा. खरं काय ते वहिनींना सांगायला दोनदा उठले, दोन्हीदा मीच खाली बसवलं. कशाला जखमेवर मीठ चोळता, म्हटलं. मीठबीठ काही नाही, मलाच त्यांच्यासमोर जायचं तोंड नव्हतं.

गेल्या वर्षी हे गेले. माझ्या खात्यात पहिली पेन्शन जमा झाली, त्या दिवशी भरल्या ताटावरून उठले आणि शेजारी गेले. वहिनी नुकत्याच कामावरून आल्या होत्या, गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ह्यांनी सही केली ते, कोणाला सांगितलं नाही ते, आणि मी गप्प राहिले ते.

त्यांनी सावकाश पाय पुसले.

"मला ठाऊक आहे," म्हणाल्या. "वकील भावजी सही करत होते तेव्हा आमचे हे ऑफिसच्या दारात होते. पगाराची पावती आणायला गेले होते."

मग त्यांनी का नाही केली सही, असं कसंबसं विचारलं.

"मी दोन दिवस मागे लागले होते. तर म्हणाले, वकील आपल्याला सांगितल्याशिवाय राहायचा नाही. येईल तो, मग करू. दोन्ही संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी पाच वाजून गेले तेव्हा उठून खुर्ची आत घेतली."

त्या दोन्ही संध्याकाळी मी त्यांना दारात बसलेलं पाहिलं होतं. मला वाटलं होतं, उकडतंय म्हणून बसलेत.