जिवंत, आणि दोघांनी पाहिलेलं

आमच्या रस्त्यावर झाडूकाम करणाऱ्या बाईंना सगळे मुकादम म्हणतात. त्या मुकादम नाहीत. खरा मुकादम वेगळा आहे. तो मोटारसायकलवरून येतो, सह्या घेतो आणि जातो. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रिकामी खोकी वाटेत टाकली, की "उचलताय, का मी उचलू?" असं त्या ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजाने हे नाव त्यांना चिकटलं. खऱ्या मुकादमानेही कधी हरकत घेतली नाही. त्याची काय बिशाद!

वाचनालयापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंतचा दोन किलोमीटर रस्ता त्यांच्याकडे आहे. सकाळी सातला हजेरी. झाडण्याशिवाय आणखी एक काम त्यांच्या वाट्याला आलंय, ज्याचा उल्लेख आपण जेवताना करत नाही. गाड्यांखाली येऊन मेलेली जनावरं उचलायची, कचरागाडीत द्यायची आणि एक फॉर्म भरायचा. फॉर्मवर चार चौकटी आहेत: गुरे, कुत्रा, मांजर, डुक्कर. पाचवी नाही.

"पहिल्याच वर्षी मुंगूस सापडलं," त्यांनी मला सांगितलं. "साहेबांना विचारलं, काय लिहू? म्हणाले, कुत्रा लिहा. मुंगसाला कुत्रा! म्हटलं, बरं. तिथे कुत्रा लिहिलं आणि घरी येऊन मुलीच्या उरलेल्या वहीत खरं काय ते लिहिलं."

ती वही नऊ वर्षं चालू आहे. दर वर्षाला नवं पान, शेवटी बेरीज. तारीख, जागा, काय, नर का मादी. आणि शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या डोक्याने आखलेला: "तोंड कुठे." म्हणजे ते कुठल्या बाजूला निघालं होतं.

मीही मोजते. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर त्या शास्त्राचा उपयोग साखरेतल्या मुंग्या काढण्यापुरता उरला होता, म्हणून आठ वर्षांपूर्वी गावातल्या निसर्ग मंडळात नाव घातलं. आम्ही एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर अशी रानटी पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची यादी करतो आणि जानेवारीत तिची छोटी पुस्तिका काढतो. गेल्या पुस्तिकेत पक्षी एकशे बेचाळीस, सस्तन प्राणी अकरा. नोंद घ्यायची तर नियम साधा: जिवंत, रानटी आणि दोघांनी पाहिलेलं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मुकादमांनी फाटकावरून हाक मारली, "ताई, जुनी चादर आहे का एखादी?" मी चादर घेऊन मोरीपर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला एक लांबट, तपकिरी जनावर पडलं होतं.

"अरेरे, मुंगूस," मी म्हटलं.

त्यांनी त्याचा पंजा उलटा केला आणि बोटं फाकवून दाखवली. "मुंगसाच्या बोटांत पडदे असतात का हो ताई?"

पाणमांजर होतं ते. आमच्या यादीत अकरा वर्षं नसलेलं. मी दुर्बीण गळ्यात अडकवून आठ वर्षं त्या ओढ्याकाठी हिंडले होते, आणि हे त्यांनी त्या वर्षात उचललेलं पाचवं होतं. मला रस्त्याने गिळावं असं वाटलं.

कारण त्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी रस्ते कार्यालयाने प्लास्टिक अडवायला मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी ठोकली. पाणमांजर ओढ्यातून येतं, जाळीशी अडतं, वर चढतं आणि रस्ता ओलांडायला बघतं. "पाण्यातलं जनावर ते. त्याला आपला रस्ता चाटायचाय? आपणच त्याला वर धाडतो." हे सांगायला त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून रस्ते कार्यालयात जाऊन आल्या होत्या. तिथल्या कारकुनाने खणातून आमच्या मंडळाची पुस्तिका काढली, अकरा नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे जनावर गावात नाहीच. मग जाळी कोणासाठी कापू?"

आमची पुस्तिका! जी छापून आम्ही एकमेकांना वाटतो आणि पाठ थोपटून घेतो, ती कोणाच्या तरी खणात बसून पाणमांजरांच्या जिवावर उठली होती.

सप्टेंबरच्या सभेला मी मुकादमांना घेऊन गेले. मंडळाचे अध्यक्ष आमचे सर, निवृत्त प्राचार्य. सर वाईट माणूस नाहीत, तेच तर दुखणं आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"बाई, तुमचं कौतुक आहे," सर म्हणाले. "पण आपली यादी जिवंत प्राण्यांची."

"मग मरायच्या आधी ते जिवंतच होतं ना सर? का मेलेलंच चालत आलं रस्त्यावर?"

सगळे हसले. सरही हसले. "तसं नव्हे हो. नियम सैल केला तर उद्या कोणीही काहीही आणून टाकेल."

"कोण आणेल? तुम्ही उचलाल?"

हसणं थांबलं, पण नियम हलला नाही. आणि गंमत बघा, आदल्याच वर्षी सरांच्या मेहुण्यांनी चालत्या गाडीतून पाहिलेला गरुड आम्ही यादीत घेतला होता. का, तर गाडीत त्यांची बायकोही होती. दोघांनी पाहिला! तो गरुड होता, घार होती, की काचेवरचा डाग होता, देव जाणे. आणि या बाईंनी दोन्ही हातांवर तोललेलं, पंजे मोजलेलं, नर-मादी बघितलेलं जनावर, ते मात्र कोणी पाहिलेलंच नाही.

त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभी असताना आमचे हे डोकावले. "भाजी चिरतेस, की सूड घेतेस?"

मी सगळं ओकले. ऐकून घेऊन हे म्हणाले, "मग दोघींनी मिळून जिवंत बघा ना एक. प्रश्नच मिटला." यांना सगळे प्रश्न असेच मिटलेले दिसतात. पण दुसरा रस्ता तरी कुठे होता?

ऑक्टोबरपासून मी आठवड्यातले चार दिवस सकाळी सव्वासहाला मोरीवर जायला लागले. मुकादम रोजच यायच्या. त्यांच्या हजेरीपर्यंतचा पाऊण तास आमचा. कठड्यावर बसायचं, थर्मासमधला चहा झाकणातून प्यायचा आणि ओढ्याकडे बघायचं. बगळा दिसला, खंड्या दिसला, एकदा रानमांजराची शेपूट दिसली. ओल्या वाळूत पाणमांजराचे ठसे त्यांनीच मला दाखवले, आणि दगडावरची माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठाही. मी हरखून वही उघडली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "दोघींनी पाहिलेली असली तरी तुमचे सर म्हणतील, जिवंत नाही."

नोव्हेंबरात सहावं मेलं. तो नेमका माझ्या न जाण्याचा दिवस होता.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला नुकतं फटफटत होतं. आम्ही उतारावरून येत असतानाच एक ट्रक मोरीवरून धडधडत पुढे गेला. कठड्याजवळ पाणमांजराची एक मादी पडली होती. आम्ही धावलो. तिची कूस वर झाली. खाली गेली.

आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? जिवंत आहे! आणि आपण दोघी आहोत! मला आनंद झाला. समोर जीव जात होता आणि मी मनातल्या मनात चौकटीत खूण करत होते. त्याची लाज मला आजही वाटते. पण लाजेपेक्षाही, माणसाला असल्या आनंदापर्यंत नेऊन सोडणाऱ्या त्या नियमाची चीड जास्त येते.

मुकादमांनी खांद्यावरचं फडकं काढून तिच्या डोळ्यांवर टाकलं. "उजेडाला घाबरतात," त्या म्हणाल्या. कूस आणखी एकदा वर झाली. मग नाही.

"पाहिलंत ना ताई?"

"पाहिलं."

"मग तुम्ही लिहा. मी हिचं बघते."

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत यादी वाचली गेली. सरांचा आवाज भरून आला होता. "यंदा सस्तन प्राणी बारा! अकरा वर्षांनंतर पाणमांजर, संख्या एक, जिवंत, दोघींनी पाहिलेलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मुखपृष्ठावर पाणमांजराचं चित्र घ्यावं, अशी सूचनाही आली.

मुकादम दाराशीच उभ्या होत्या; बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. "टाळ्या कशाच्या वाजवताय?" त्या म्हणाल्या. "मेली ती."

"हो, पण निरीक्षणाच्या वेळी…" सर अडखळले.

"दोन श्वास घेतले तिने. दोन श्वासांवर ती तुमच्या यादीत आली. बाकीच्या सहांनी आमची वाट नाही पाहिली, हा त्यांचा गुन्हा का?" त्या पुढे आल्या. "आणि एक लिहून काय होणार सर? तो रस्त्याचा माणूस म्हणेल, एकच होतं, तेही गेलं. आता जाळी कशाला कापू? त्यापेक्षा शून्य बरं होतं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सरांच्याही नसावं. तरी ते म्हणाले, "नियम नियम असतो, बाई."

तेव्हा मी उठले. "सर, मग मी माझी साक्ष मागे घेते."

"असं कसं? तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. पण दोघींतली एक मागे सरली, की तुमचे बारा पुन्हा अकरा. सातही लिहा, तारीख आणि जागेसकट. वेगळ्या पानावर लिहा, त्या पानाला हवं ते नाव द्या. नाहीतर एकही नको." मुकादमांकडे बघायचा धीर होत नव्हता, कारण पणाला लागलेलं त्यांचं होतं, माझं नव्हे. मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, एवढ्याशा गोष्टीवरून?" त्याला मी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांनी चष्मा पुसला. "ती वही बघू," ते म्हणाले.

सप्टेंबरपासून पहिल्यांदाच कोणी वही मागितली होती. सर पानं उलटत राहिले. रातवे पक्षी नऊ. घुबडं चार. ससे, मुंगुसं, एक रानमांजर. आणि मग पाणमांजरांपाशी त्यांचं बोट थांबलं. "हे 'तोंड वर' म्हणजे काय?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाली होती. जाळीला अडून चढलेली. सातही."

सरांनी सातही नोंदींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्यातल्या एकानेही हे कधी टिपलं नाही." आणि पेन उघडून नव्या कागदावर मथळा लिहिला: रस्त्यावर मृत आढळलेले. "निरीक्षक म्हणून काय, सफाई विभाग लिहू?"

"विभाग उठतो का पहाटे पाचला?" मुकादमांनी विचारलं, आणि वडिलांच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. एकदा सांगितलं, सरांचं लिहून झाल्यावर वाचून घेतलं, आणि एक वेलांटी सुधारून घेतली.

पुस्तिका रस्ते कार्यालयात मी स्वतः नेऊन दिली. कारकुनाने सात नोंदी, सात तारखा, एकच जागा, असं पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मार्चमध्ये एकदाचा फिटर आला. जाळीच्या तळाशी त्याने खडूने रेघ मारली.

"केवढं कापणार?" मुकादमांनी झाडू कठड्याला टेकवून विचारलं.

"नऊ इंच. कागदावर आहे."

"नऊ इंचात मोठा नर खांद्याला अडकेल."

"बाई, साहेबांनी लिहिलंय ते."

"साहेबांनी एक तरी उचललंय?" त्यांनी दोन्ही हात समोर धरले, मधे जणू काही पेललं आहे असे. "एवढा असतो. मी नऊ वर्षं उचलतेय. आणि ओढ्याला पाणी चढलं की हे भोक बुडणार, तेव्हा आतून भिंतीला धरून एक कोरडी फळी लागेल चालायला."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी तर एकच पाहिलं होतं. त्याने खडूची रेघ पुसली, पंधरा इंचांवर नवी मारली आणि यंत्र चालू केलं. ठिणग्या पाण्यात पडून विझत राहिल्या.

"फळीचं मला काही सांगू नका," काम संपल्यावर तो म्हणाला. "त्याला वेगळा अर्ज लागतो."

"कोणाकडे द्यायचा?" मुकादमांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळल्या. "ताई, कागद आहे का?"