आकडेबाईंचा वर्षातला एक फोन

आकडेबाई सट्टा लावतात, ही बातमी मला पहिल्यांदा लॉन्ड्रीवाल्याने दिली. सांगताना तो इतका रंगात आला की इस्त्री माझ्या शर्टावरच विसरला. जळक्या कॉलरसकट मी ती बातमी घरी आणली आणि जेवणाआधी आणखी तिघांना पोचवली. खोटं कशाला बोलू, तिसऱ्याला सांगताना सट्ट्याची रक्कम मी माझ्या पदरची घातली.

बातमीला पुरावा होता. वर्षातून एकदा, कराची विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या आठवड्यात, बाईंना एका पुरुषाचा फोन यायचा. बाई समोरच्या माणसाला बोटानेच ‘थांबा’ म्हणायच्या, खिडकीकडे वळायच्या, दबक्या आवाजात सहा आकडे सांगायच्या आणि फोन बंद व्हायचा. पुढची पंधरावीस मिनिटं त्यांचं कामात लक्ष नसायचं. लॉन्ड्रीवाल्याच्या मते हा सट्टा. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाईंच्या मते सट्टाही आणि पुरुषही. बाई हरतात, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. फोन ठेवल्यावरचा त्यांचा चेहरा बघून कुणीही तेच म्हणालं असतं.

बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं काउंटरच्या काचेमागे बसून त्यांनी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. निवृत्तीनंतर वाचनालयाच्या तळमजल्यावरची खोली त्यांना दुपारपुरती मिळाली. एका बाजूला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दुसरीकडे एक टेबल, त्याच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा, टेबलावर जाड कीबोर्डाचा कॉम्प्युटर. समोर दोन खुर्च्या. एक ज्याचं काम चालू आहे त्याची, दुसरी पुढच्याची. बाई पैसे घेत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, “वर जा आणि वाचनालयाची थकलेली वर्गणी भरा.” त्यामुळे ग्रंथपालबाई त्यांची निंदा करत, पण जरा बेताने.

कुणीही आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव नाही, गाव नाही.

“खात्याला नंबर कुणाचा जोडलाय?”

“नंबर होय. तो मेव्हण्याचा.” हा ट्रकचालक.

“मेव्हणा कुठे असतो?”

“बोलत नाही आम्ही.”

“मग आता बोलायला लागेल. वेबसाइट जे सहा आकडे पाठवते ते त्याच्या फोनवर जाणार. ते मिळाल्याशिवाय दार उघडत नाही. त्याला फोन करा, गोड बोला, आकडे घ्या, आणि आजच्या आज नंबर स्वतःचा करून टाका. दुसऱ्याच्या खिशात आपली किल्ली ठेवायची नसते.”

ट्रकचालकाने मेव्हण्याला तिथूनच फोन लावला. आधी शिव्या झाल्या, मग आकडे मिळाले, मग मेव्हण्याने भाच्यांची चौकशी केली. जाताना ट्रकचालक म्हणाला, “बाई, नंबर राहू दिला असता तरी चाललं असतं.” बाईंनी एकदा आपल्या फोनकडे पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

मीही दर वर्षी जायचो. पेन्शन मी लक्षात ठेवतो, मुदत ठेवीवरचं व्याज विसरतो. निदान सांगायचो असं. खरं म्हणजे ती दुसरी खुर्ची फार मोक्याची होती. तिथे अर्धा तास बसलं की अख्ख्या पेठेचे पगार, वाटण्या आणि भांडणं कानावर पडत. शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा परतावा तीन वर्षं अडकला होता, कारण बँकेत नाव सासरचं आणि कराच्या कार्डावर माहेरचं. बाईंनी विचारलं, “कुठलं ठेवायचं?” वहिनी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “माहेरचंच राहू द्या, ते आधीचं आहे.” नवरा छताकडे बघत राहिला. मी ही गोष्ट वर्षभर पुरवून खाल्ली.

बाई मला ओळखून होत्या. “या बातमीदार,” म्हणायच्या. “यंदा व्याज विसरलात की शेजारचं काही ऐकायचं राहिलंय?”

“दोन्ही.”

“कान बंद ठेवलेत तर व्याज आधी काढून देते.”

तर फोनचं गुपित मला कळलं ते वेबसाइट रखडली म्हणून. शेवटच्या आठवड्यात ती रखडतेच. पडद्यावर ते गोल चाक फिरत होतं. पुढचे लोक कंटाळून चहाला गेले. तेवढ्यात तो फोन आला. बाईंचा फोन जुना, आवाज बाहेर सांडायचा. पलीकडून एक जड आवाज आला, “ताई, आकडे आले का?” बाईंनी सहा आकडे सांगितले. “बरं,” म्हणाला आणि ठेवून दिला. चाक फिरतच होतं.

“भाऊ का?” मी विचारलं. असं विचारू नये, हे मला कळतं. पण वय झालं की माणूस विचारून मोकळा होतो.

“धाकटा,” बाई म्हणाल्या. मग चाकाकडे बघत सगळं सांगितलं, जणू माझ्याशी नाही, कॉम्प्युटरशी बोलत होत्या.

वडील लवकर गेले. भाऊ बाईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही बाईंचीच. लग्न करायचं राहून गेलं, ते का, हे मी पुढे कित्येकदा आडून विचारलं, त्यांनी थांग लागू दिला नाही. भावाला पहिली नोकरी लागली तेव्हा कराच्या वेबसाइटवर त्याचं खातं बाईंनीच उघडलं. तो तेव्हा दर दोन महिन्यांनी फोनचा नंबर बदलायचा, म्हणून बाईंनी आपला घातला. पुढे तो दूरच्या शहरात गेला, तिथेच संसार थाटला. आई आजारी पडली तेव्हा तो आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. कामात होता, खोटं नव्हतं. आई गेल्यावर त्याचा फोन आला की निघतोय. बाई चार रात्रींच्या जागरणाने कावलेल्या. म्हणाल्या, “आता येऊन काय करणार आहेस? येऊ नकोस.”

“आणि?”

“नाही आला.” बाईंनी चष्मा पुसला. “लहानपणीही असाच. मी खेळायला जाऊ नको म्हटलं की जायचा नाही. इतर कुणाचं ऐकत नसे.”

आठ वर्षं झाली होती त्याला. बाईंनी दोनदा पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. फोन करायला घेतला की पहिलं वाक्य सुचायचं नाही. पण वर्षातून एकदा त्याला दारातून आत जायला सहा आकडे लागायचे आणि ते बाईंच्या फोनवर यायचे. तेवढं अर्धं मिनिट त्याचा आवाज ऐकू यायचा. सर्दी झाली असेल तर कळायचं. मागे कधी एखादं मूल रडत असायचं, पुढच्या वर्षी तेच मूल बोलत असायचं. भाचीचं वय बाईंनी असं फोनमधून मोजलं होतं.

सगळ्या गावाला नंबर बदला म्हणून धारेवर धरणाऱ्या बाईंनी त्याला मात्र कधी बदल म्हटलं नाही.

हजार बातम्या मी सांगितल्या असतील, ही मात्र पोटात ठेवली. लॉन्ड्रीवाल्याने पुन्हा सट्ट्याचा विषय काढला तेव्हा मी नुसता हुंकार भरला. त्याला वाटलं, मला आणखी काहीतरी माहीत आहे. अफवा आणखी फोफावली, त्याचं थोडं पाप माझ्या माथी.

दोन वर्षांनी, शेवटच्या तारखेला चार दिवस असताना, मी त्याच दुसऱ्या खुर्चीत होतो. पहिल्या खुर्चीत दातांचे डॉक्टर. त्यांनी विवरणपत्र वेळेवर भरलं होतं, पण पडताळणी करायचं विसरले, म्हणून ते भरल्यात जमा नव्हतं. बाई त्यांना ऐकवत होत्या. “दात काढून बिल नाही दिलंत तर चालेल, पण इथे शेवटचं बटण दाबावंच लागतं.” डॉक्टर बिचारे तोंड मिटून ऐकत होते, एरवी दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणणारे.

फोन वाजला. बाईंचं बोट वर गेलं. पण या वेळी पलीकडचा आवाज थांबून थांबून येत होता.

“ताई, यंदा काय करतोय, नंबर माझाच टाकून घेतोय. दर वर्षी तुला कशाला त्रास.”

“त्रास कसला.”

“नाही, पण बरं दिसत नाही. जुन्या नंबरवर आकडे येतील, तेवढे सांग. मग झालं.”

मग झालं. बाईंनी फोन कानाला तसाच धरला. टिंग करून संदेश आला. त्यांनी फोन खाली घेऊन पाहिला. माझा चष्मा नवा होता आणि फोन माझ्यापासून हातभर अंतरावर. शेवटचा आकडा सात होता.

“दोन, नऊ, शून्य, पाच, पाच,” बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, “चार.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नव्हतं. तीस वर्षांत ज्या बाईची एक बेरीज चुकली नाही, तिने सात बघून चार म्हटलं होतं.

“चुकीचे दाखवतंय,” भाऊ म्हणाला.

“असं? पुन्हा पाठव. येईतोवर वेळ लागतो ना मिनिटभर.”

“हो.”

“सर्दी आहे का तुला?”

“धूळ आहे इथे. काम चालूय शेजारी.”

“वाफ घेतोस?”

“घेतो कधीकधी.”

“मागे कोण बोलतंय?”

“पोरगी. तिला गणित शिकवतोय. अजिबात जमत नाही.”

“तुलाही जमायचं नाही. पावकी पाठ करायला मी तुला माळ्यावर बसवलं होतं.”

पलीकडे तो हसला. खरंच हसला, मी ऐकलं. “आणि शिडी काढून घेतलीस.”

टिंग. नवे आकडे. पहिले दोन बाईंनी उलटे सांगितले, अगदी सराईतपणे. तोवर डॉक्टर घड्याळ बघायला लागले. मी त्यांचं मनगट धरून खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

“ताई, परत चुकलं. आता एकदाच संधी आहे म्हणतंय. नाहीतर उद्यावर जाईल.”

“पाठव.”

तिसऱ्यांदा आकड्यांची वाट पाहणं आलं. बाई खिडकीतून बाहेर सायकलींच्या रांगेकडे बघत होत्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं ना, येऊ नकोस...”

टिंग.

“ताई, आले बघ. आकडे सांग, वेळ संपतोय.”

बाईंनी फोन खाली घेतला. बराच वेळ बघितला. वेळ संपू द्यायची त्यांना मुभा होती. उद्यावर गेलं असतं, उद्या पुन्हा फोन आला असता, परवाही. मला वाटलं, त्या तेच करणार. मनात म्हटलं, करा बाई. पण वेळेत न भरलेल्या विवरणपत्राचा दंड काय असतो, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी सहाही आकडे सुटे सुटे, बरोबर सांगितले. मग एकदा पुन्हा वाचून खात्री केली.

“झालं,” भाऊ म्हणाला. “ताई, डोळे तपासून घे एकदा.”

“घेते.”

“ठेवू?”

“ठेव.”

डॉक्टरांची पडताळणी बाईंनी दोन मिनिटांत करून दिली. माझं व्याजही मी न सांगताच घातलं. जाताना मी दारात घुटमळलो.

“बातमीदार,” त्या म्हणाल्या, “तुमचा चष्मा नवा दिसतोय.”

“हो.”

“कधीतरी सांगालच तुम्ही. सांगा. पण आकडे बरोबर सांगा.”

पुढच्या वर्षी शेवटच्या आठवड्यात मी रोज गेलो. माझं काम पहिल्याच दिवशी झालं होतं. बाईंनी फोन टेबलावर उताणा ठेवलेला, पडदा वर. लोक आले, नावं जुळवून गेले, दोन कंपन्यांचे दाखले जोडून गेले. फोन चार वेळा वाजला. एकदा गॅसवाला, एकदा बँक, दोनदा राँग नंबर. प्रत्येक वेळी बाईंचं बोट वर गेलं आणि खाली आलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पायाखालचा पुठ्ठा पायाने सारखा केला आणि फोन पर्समध्ये टाकला.

वर ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, “पाहिलंत? यंदा फोन नाही. सुटला म्हणायचा सट्टा. बरं झालं बिचारीचं.” लॉन्ड्रीवाल्यानेही तेच सांगितलं, या वेळी इस्त्री बाजूला ठेवून.

आता बरोबर आकड्यांसकट सांगतो. बाईंनी सट्टा कधीच लावला नाही. फोन धाकट्या भावाचा होता. आकडे त्याच्या कराच्या खात्याचे होते. शेवटच्या वर्षी ते तीनदा आले, त्यातल्या दोन वेळा बाईंनी ते मुद्दाम चुकीचे सांगितले.