सिस्टर रांगेत उभी राहत नसे

बसच्या थांब्यावर आम्ही बाया रांग धरायचो तेव्हा सिस्टर रस्त्यापलीकडे बाभळीखाली एकटी थांबायची. गाडी भरून निघून गेली तर दापोडीपर्यंत पायी जायची, पण रांगेत पाय ठेवायची नाही. रेशनच्या दुकानातही तेच. शेवटचं माणूस गेलं की ही पुढे व्हायची. साखर संपलेली असली तर बिनसाखरेचा चहा प्यायची. लोक म्हणत, गोऱ्या कातडीचा माज आहे. मीही म्हणायचे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. चिंचवडच्या बाहेर बँडेजच्या पट्ट्या करणारा एक लहान कारखाना होता. आता त्याची भिंतसुद्धा उरलेली नाही. जाळीच्या कापडाचे तागे यायचे, ते आम्ही कापायचो, उकळायचो, वाळवून गुंडाळायचो. आमच्यावर देखरेखीला ही परदेशी बाई. नाव जिभेवर बसेना म्हणून दवाखान्यातल्या नर्सला म्हणतात तसं आम्ही सिस्टर म्हणायचो. तिचा भाऊ पुण्यात डॉक्टर होता, लढाईच्या आधीच इकडे आलेला. लढाई संपल्यावर त्याने हिला शोधून काढली आणि बोलावून घेतली.

मराठी ती आमच्याकडून शिकली, म्हणून आमच्या गावची बोलायची. अहो-जाहो तिला कधी जमलं नाही. आमचा साहेब गळ्यापर्यंत गुंडी लावणारा. त्याला ही सगळ्यांदेखत म्हणायची, "ए साहेब, साबण संपला. आण." साहेबाचे कान लाल व्हायचे आणि आम्ही पदर तोंडात कोंबायचो.

तिच्या डाव्या हातावर आकडे गोंदलेले होते. आम्हा सगळ्यांच्या हातावर गोंदण होतंच, त्यामुळे नवल वाटलं ते एवढंच की हिचं इतकं ओबडधोबड कसं. सखूआक्का आमच्यातली वडीलधारी. तिने एकदा तो हात धरला आणि म्हणाली, "अगं, हे काय गोंदण म्हणायचं? ना तुळस, ना नवऱ्याचं नाव. कुणी गोंदलं?"

"सरकारनं."

"सरकार गोंदतंय व्हय गं बाई?"

"आमच्याकडं गोंदलं."

सखूआक्का म्हणाली, जत्रेत गोंदणारीण येते, तिच्याकडून वर वेल काढून घे, झाकून जाईल. सिस्टरने हात सोडवून घेतला. "न्हाई झाकायचं. ज्यानं केलं त्याला लाज. मला कशाला?" त्या दिवसापासून तिने बाही कोपराच्या वर दुमडायला सुरुवात केली, ती कायमची.

ती ज्यू होती. तिच्या मुलखातल्या राज्यकर्त्यांनी ज्यू माणसं घराघरातून उचलून तारांच्या कुंपणात डांबली होती. शिकलेले लोक त्याला छळछावणी म्हणतात. सिस्टर कोंडवाडा म्हणायची, कारण आमच्या गावचा गुरांचा कोंडवाडा तिने पाहिला होता. याहून जास्त ती बोलायची नाही. पण डब्यातल्या भाकरीचा निम्मा तुकडा रोज फडक्यात बांधून खिशात ठेवायची. भूक लागली म्हणून कुणी मागितला तरी द्यायची नाही. डब्यातलं बाकीचं जेवण मात्र मागेल तिला देऊन टाकायची.

मग कापड कमी भरू लागलं. साहेबाला वाटलं, बाया नऊवारीच्या आत गुंडाळून नेतात. त्याने फाटकाजवळच्या खोलीला पडदा लावला आणि हुकूम काढला, सुटी झाल्यावर एकेकीने आत जाऊन कासोटा सोडून दाखवायचा. तपासायला बाई ठेवली होती, पण पडदा टीचभर आणि बाहेर दोन पहारेकरी. नाही म्हणावं तर काम जाणार. घरी सांगावं तर नवरा कामावर पाठवणार नाही. माझ्या घरात तेव्हा माझाच पगार येत होता. मी मुकाट्याने रांगेत उभी राहिले. सगळ्याच राहिल्या.

सिस्टर मागून आली. रांग बघितली, पडदा बघितला आणि पांढरीफटक पडली. ती म्हणाली, "तिकडं असंच. आधी रांग. मग कपडे काढा. मग माझी आई त्या बाजूला गेली. पुन्हा न्हाई दिसली."

असं म्हणून ती पडद्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. झग्यात मांडी नीट बसेना, तरी बसली. "बसा गं. बसलेल्या बाईची रांग होत न्हाई."

सखूआक्का बसली. मग मी, मग सगळ्या.

साहेब धावत आला. "सिस्टर, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला हे शोभतं का?"

"तुझ्या आईला आण. तिला पैली हुभी कर. मग मी उठते."

"सगळ्यांना उद्यापासून काढून टाकीन!"

"उद्याचं उद्या. आज फाटक उघड."

उशीर झाला म्हणून बाहेर आमची घरची माणसं गोळा व्हायला लागली होती. त्यांना काय सांगणार होता साहेब? त्याने फाटक उघडलं. आम्हाला काढलं नाही, कारण पट्ट्या कोण गुंडाळणार? सिस्टरला काढलं.

ती जाणार त्या दिवशी सखूआक्काने नारळ आणि खण आणला. कुणी तरी कुजबुजलं, हिचा नवरा त्या कोंडवाड्यात मेला, विधवेची ओटी भरायची कशी? आक्का म्हणाली, "मारणाऱ्याला इचारा की, कशी भरायची ते." सिस्टरला पदर नव्हता. तिने झगा पुढे धरला आणि ओटी घेतली. रडली नाही. मला म्हणाली, "तू लवकर भितीस. कमी कर." मुंबईहून बोटीने तिच्या लोकांच्या नव्या देशात गेली, एवढंच कळलं.

ती गेल्याच्या आठवड्यात साहेबाने पुन्हा पडदा टांगला. आम्ही काही ठरवलं नव्हतं. सुटीचा भोंगा झाला, मी पडद्यापर्यंत गेले आणि खाली बसले. या वेळी पहिली मीच. साहेब तपासणाऱ्या बाईवर ओरडला, "बघता काय? उठवा यांना!" ती बाई आमच्याच वाडीची, काठापदराची नऊवारी नेसलेली. तिने साहेबाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

पडदा साहेबाने स्वतःच्या हाताने काढला.