लगेच गेलेली

बार्शी-सोलापूर एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप. प्रत्येक वाक्य आधी स्वतःशी पुटपुटायची, मग टाइप करायची आणि पुन्हा पुसून टाकायची. मला पुटपुटणाऱ्या माणसांचा राग येतो. शेवटी विचारलंच, "परीक्षा आहे का गं?"

"न्हाय काकू, नोकरी हाय. वेबसाइटवर किती लोक आले, किती वेळ थांबले, हे मोजणारं सॉफ्टवेअर हाय आमचं. आता ते आकडे एआय वाचतंय. ते कसे वाचायचे, हे त्याच्यासाठी लिवते."

"मग एवढं घोकायचं कशाला?"

"माणसाला कळलं न्हाय तर तो फोन करून विचारतो की. हे विचारत न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एका चादरीच्या दुकानाच्या वेबसाइटवरचं फोन नंबरचं पान एआयनं काढूनच टाकलं. का, तर लोक येतात आन् लगेच जातात. अवो, नंबर मिळाल्यावर थांबतंय कोण? दुकानात फोनच वाजंना. ते लिवायचं माझ्याकडनंच राहिलं होतं. दुकानाचे मालक मला एका शब्दानं बोलले न्हाईत. त्याचंच लई वाईट वाटतंय."

ती पुन्हा पुटपुटली, "लगेच गेला म्हणजे नाराज होऊन गेला, असं धरू नये." या वेळी मात्र वाक्य पुसलं नाही.

तेवढ्यात तिचा थांबा आला. लॅपटॉप छातीशी धरून ती घाईनं उतरून गेली. येते म्हणाली नाही, मागं वळून बघितलं नाही. नावही विचारायचं राहिलं.

एरवी मी 'काय ही आजकालची मुलं' म्हणाले असते. त्या दिवशी नाही म्हणाले.