शेवंतीमावशीची हाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही शेजारी बसला आहात असं समजून बोलतो.

मी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचो. खाणी बंद पडल्या आणि नार्वे गावातल्या घरात दिवसभर टीव्हीसमोर बसू लागलो. एकदा एक भुताचा सिनेमा लागला. त्यातल्या बाईला टीव्हीवर स्वतःचंच घर दिसायचं, आणि तिथे दिसेल ते थोड्या वेळाने खरं व्हायचं. दारात ओळखीचं माणूस येऊन हाक मारायचं — आवाज त्याचाच, पण शब्द अडखळलेले. दार उघडलं की संपलं.

हसू येतं ना? भरलेला ट्रक घाटीवरून उतरवणारा माणूस मी. पण त्यानंतर चार दिवस न्हाणीचं दार लावून आंघोळ करायची छाती होईना. टीव्ही बंद केला की त्या काळ्या काचेत आमची खोली दिसायची. मग तो चालूच ठेवायचो.

पाचव्या दुपारी बायको बाजाराला गेली होती. दाराला कडी लावून मी बसलेला. वीज गेली, घर गप्प झालं, आणि बाहेरून हाक आली — "बाब... बाबलो... दा..."

मला बाबलो म्हणणाऱ्या शेजारच्या शेवंतीमावशीचा आवाज. ती एकटी राहायची. लेक पेडण्याला दिलेली. पण शब्द — शब्द तसेच, अडखळलेले. मग दारावर नखं घासल्यासारखं काहीतरी. तेवढ्यात वीज आली, टीव्ही आपोआप बोलू लागला. मी त्याचा आवाज वाढवला.

तासाभराने बायको आली तेव्हा मावशी उंबऱ्याशी पडलेली होती. अर्धं अंग गेलेलं. मी आमची जुनी जीप काढली, इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

"तुमका हाक आयकूक येवक नाय?" बायकोने विचारलं.

"झोप लागलेली," मी म्हणालो.

एवढंच असतं तर भित्रा म्हणून सांगून मोकळा झालो असतो. पण — टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी मी खिडकीचा पडदा बाजूला केला होता. बाहेर लख्ख ऊन. तोंड एका बाजूला ओढलेलं, पदर खाली लोळतोय, एक हात दारावर. तिने मला पाहिलं. भूतबीत काही नाही, मावशी आहे, तिला काहीतरी झालंय — हे मला कळलं. कळूनही हात कडीकडे गेला नाही. मी पडदा सोडला.

ती दोन वर्षं जगली, वाचा गेलेली. दर रविवारी मी पाव घेऊन जायचो. कशासाठी? तिच्या मायेपोटी? की तिला बोलता यायला लागलंय का, ते बघायला? तिचे ओठ हलले की मी घाईने पावाचा तुकडा पुढे करायचो. वाचा आता परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

ती गेली तेव्हा खांदा द्यायला मी पुढे होतो. परतल्यावर तिची लेक सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबलदादा, तुमी गाडी काढलात म्हणान आय माका आनीक दोन वर्सां गावली."

मी मान डोलावली.