जबाबात न घेतलेलं वाक्य

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी नाशिकरोड भागात नेमणुकीला होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. "एकलहऱ्याच्या रस्त्याला म्हातारा मेलाय. सुनेनं मारलंय. अंग बघा त्याचं." नाव न सांगताच फोन ठेवला.

मयत म्हणजे वीज केंद्रातला निवृत्त फिटर. दंडावर, पाठीवर काळेनिळे डाग, उशीला रक्त. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत पोस्टमॉर्टेमला पाठवलं आणि सुनेला ठाण्यात आणलं. येवल्याहून आलेली मयताची मुलगी दारातच ओरडत होती, "हिला सोडू नका, साहेब!"

महिला शिपायाला शेजारी बसवून मी सुनेची चार तास चौकशी केली. ती एकच सांगत राहिली. "नायट्याच्या गोळ्या सुरू झाल्या तवापासून डाग उठले, साहेब. त्यांना हार्टची गोळी चालू हाय, हे मी डॉक्टरला सांगितलं व्हतं. तो म्हनला, चालतं."

"गोळ्यांनी कुणी काळंनिळं पडतं का?" मी टेबलावर हात आपटला. ते वाक्य जबाबात घेतलंच नाही. तिचा नवरा बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता.

संध्याकाळच्या आत तिला घरी जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी बोलावलं. "मारहाण नाही. रक्तस्राव आतूनच झालाय. औषधं कोणती चालू होती?"

मी घरातून दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणून दिली. त्यांनी मान हलवली. "ही हार्टची गोळी, रक्त पातळ ठेवणारी. लिव्हर ती रोज मोडून टाकतं. नायट्याच्या गोळीनं लिव्हरचं तेच काम अडवलं. हार्टची गोळी रोज एकच, पण अंगात साचत गेली. मग रक्त गोठणार कसं?"

नायट्याच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला गाठलं. "मला कुणी काही सांगितलं नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. तिने सांगितलं होतं, असं दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता. फाईल बंद झाली.

तोवर नवऱ्याने तिला हरसूलजवळ माहेरी सोडलं होतं. मी स्वतः गेलो. "ताई, तुमची काही चूक नव्हती."

"ते मला पहिल्यापासून ठावं हाय. माझ्या नवऱ्याला सांगा."

त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मग चार तास तिला उगाच बसवलं होतं का, साहेब?"

पुढे मी प्रत्येक मयताच्या घरातली औषधं आधी ताब्यात घेत गेलो, समोरचा बोलेल तो शब्द लिहून घेत गेलो. पण पोलिसाने एकदा संशय घेतला की लोकांच्या लेखी निकाल लागलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. ती नांदायला परत गेली नाही.