जर्मनीचं स्थळ

दत्तोपंत सांगावकरांनी तीस वर्षांत एकशे बेचाळीस लग्नं जुळवली. पोटापुरती नोकरी दरबारच्या कचेरीत, इंग्रजी पत्रं लिहिण्याची. जीव मात्र सगळा सोयरिकीत. एकोणपन्नास साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं, पंत पेन्शनीत निघाले आणि दिवसभर घरात लोळू लागले. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई म्हणायच्या, "रात्रीचं घोरणं काय कमी होतं, म्हणून आता दुपारचीही भर!" त्या घोरण्यापायी अकरा वर्षं कालिंदीबाईंचं अंथरूण स्वयंपाकघरात पडत होतं.

पंचावन्नच्या जूनमध्ये उद्यमनगरातला ईरप्पा धापा टाकत पंतांकडं आला. त्याच्या फाउंड्रीत ऑइल इंजिनाचे भाग ओतले जात. त्याच्या थोरल्या पोराला, सोमलिंगला, जर्मनीतल्या एका कारखान्यानं सहा महिने काम शिकायला बोलावलं होतं. एक सप्टेंबरला हजर व्हायचं. उशीर झाला की जागा दुसऱ्याला. पासपोर्ट हातात होता, व्हिसा अडला होता. मुंबईची वकिलात म्हणत होती, पोरगा तिथं राहणार त्या घरचं पत्र आणा.

"पंत, तुमास्नी इंग्रजी येतंय, आन् माणसं जोडाय येत्यात. ह्ये तुमीच जमवा की!"

"जर्मनी?" पंतांचे डोळे चमकले. एवढ्या लांबचं स्थळ त्यांच्याकडं कधी आलं नव्हतं. स्वतः ते बेळगावच्या पलीकडं गेले नव्हते.

मग काय, पंत जे सुटले! कारखान्यानं पाच हॉटेलांचे पत्ते कळवले होते. शहाण्या माणसानं लिहिलं असतं, खोली आहे का आणि भाडं किती. पंतांनी मुलीच्या घरची करावी तशी चौकशी केली. घरात माणसं किती? पाणी मुबलक आहे का? मुलगा रोज अंघोळ करून पूजा करतो, चालेल ना? त्याला अंडंसुद्धा वर्ज्य आहे. मालकीणबाई तापट आहेत का? सोबत सोमलिंगचा फेटा बांधलेला फोटो. पत्रिकाही जोडणार होते, पण कालिंदीबाईंनी हात धरला.

"अहो, तिकडं मंगळ बघतात होय?"

चार हॉटेलांनी उत्तरच दिलं नाही. त्यांचंही बरोबर आहे. पण जुलै लागला आणि पाचव्याकडून पत्र आलं, चांगलं चार पानी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. क्लारा नावाच्या विधवा मालकिणीनं एकूण एक प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. मी एकटी असते, वर पाच पाहुणे असतात. बंब सकाळी सहाला पेटवीन. बटाटे आणि कोबी रोज मिळेल. मी तापट आहे, पण कॉफी पोटात जाईपर्यंतच. आणि खाली तिचे प्रश्न. मुलगा दारू पितो का? पाय पुसून आत येतो का? रात्री घोरतो का? रिकामी खोली माझ्या खोलीला लागून आहे आणि मधली भिंत फळ्यांची आहे.

पंत फुगडी घालायचेच बाकी होते. "अगं, ती उलट विचारतेय! उलट चौकशी करतं ते घर खरं!"

ईरप्पा मात्र पांढरा पडला. सोमलिंग घोरायचा. साधंसुधं नव्हे, फाउंड्रीचा भाता बरा.

"लिवा की न्हाय म्हनून! जर्मनीत कोन ऐकाय बसलंय?"

"तीच बसलीय, भिंतीपलीकडं."

थाप मारली की व्हिसा मिळत होता. पण फार पूर्वी पंतांनी एकदाच मुरगूडच्या एका नवऱ्यामुलाची फिट लपवली होती. त्या मुलीचा बाप पुढं मरेपर्यंत पंतांना बघून रस्ता ओलांडत असे. त्यानंतर स्थळाबद्दल खोटं सांगायला त्यांची जीभ कधी वळली नाही. त्यांनी लिहिलं, मुलगा सुपारीसुद्धा खात नाही, पाय पुसतो. घोरतो. पुष्कळ घोरतो.

"माज्या पोराचं वाटुळं केलंसा, पंत," ईरप्पा म्हणाला आणि यायचा बंद झाला. पंतांना जेवण गोड लागेना. बोट चौदा ऑगस्टची होती. रोज पोस्टमनच्या वेळेला ते छत्री घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहत.

जुलैच्या अखेरीला पत्र आलं. पंतांनी न फोडताच ईरप्पाला निरोप धाडला. तो भट्टीवरून तसाच, काळ्या हातांनी आला. पंत ओसरीवर उभ्यानंच मराठी करत मोठ्यानं वाचू लागले.

"'माझे यजमान सत्तावीस वर्षं घोरले. सत्तावीस वर्षं मी त्यांना ढोसलं आणि शिव्या दिल्या. ते जाऊन चार वर्षं झाली. आता घर इतकं गप्प असतं की मला झोप लागत नाही. मुलाला खुशाल पाठवा. वकिलातीसाठी पत्र सोबत जोडलं आहे.'"

ईरप्पानं पंतांना उचललंच. "जमलं की वो, पंत! जमलं!" आणि पंत, वय वर्षं एकसष्ट, हवेत पाय झाडत ओरडत होते, "एकशे त्रेचाळीस! एकशे त्रेचाळीस!" चष्मा अंगणात उडाला. धोतरावर ईरप्पाचे दहाच्या दहा काळे ठसे उमटले. दोघं हसता हसता खाली बसले आणि पंतांनी चहा टाकायला सांगितलं. चहा काही येईना.

म्हणून पंत आत गेले. कालिंदीबाई स्वयंपाकघरातली आपली वळकटी माजघरात आणून त्यांच्या वळकटीशेजारी ठेवत होत्या.

"हे काय?"

"काही नाही," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तिकडं ओल येते."